आईच्या मणक्यातलं तीन मिली सिमेंट

१३ जानेवारी २०२५, भोगी. आई वाईहून पुण्याला यायला एसटीत बसली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट असल्यापासून ती दुसरं कुठलंच वाहन मानत नाही. वय ७७. पिशवीत तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, डब्यात भोगीची भाजी. जागा मिळाली ती शेवटच्या बाकावर. सुरूर फाट्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडी उडाली, आई वीतभर वर गेली आणि बाकावर आदळली. पडली नाही, खरचटलंसुद्धा नाही. स्वारगेटला उतरल्यावर एवढंच म्हणाली, "कमरेत काहीतरी कट्कन वाजलं गं." भाकरी एकही मोडली नव्हती.

मणका मोडला होता. पण हे कळायला आम्हाला १२ दिवस लागले.

मी डॉक्टर नाही, सहकारी बँकेत नोकरी करते. फेब्रुवारीतल्या कितीतरी रात्री मी मोबाइलवर "मणक्यात सिमेंट भरणे" असं टाकून शोधत बसायचे. सापडायच्या त्या "अर्ध्या तासात वेदनामुक्ती" अशा जाहिराती, नाहीतर कुणाचे तरी पाय कायमचे गेल्याच्या गोष्टी. मधलं काही नव्हतं, म्हणून आमचं जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे.

१५ तारखेला जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. "वयोमानानुसार झीज आहे, तेल लावून शेका, हलका मसाज करा," असं सांगून गोळ्या दिल्या. आम्ही इमानेइतबारे मसाज केला. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो. आडवी असताना आई बरी असायची, उठून बसायचं म्हटलं की किंचाळायची. कुशीवर वळताना माझा दंड धरायची, त्याचे वळ उठायचे. या दुखण्याची हीच खूण असते हे पुढे समजलं: पडून राहिलं की कमी, उठताना-वळताना असह्य. घरातल्या वयस्कर माणसाचं असं होत असेल, तर "कंबर धरली असेल" म्हणून थांबू नका. पडणं गरजेचं नसतं. गाडीचा दणका, भरलेली बादली, एखादी जोरदार शिंकही पुरते.

२४ तारखेला अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेलो, २५ ला एमआरआय. खर्च ६,५००. त्या नळकांड्यात २५ मिनिटं उताणं, न हलता पडणं हीच आईची पहिली शस्त्रक्रिया म्हणायला हवी. (आधी वेदनाशामक इंजेक्शन देता येतं. मागितलं तरच मिळतं.) रिपोर्टमध्ये होतं की एल-वन, म्हणजे कमरेचा पहिला मणका पुढून दबला आहे आणि त्यात सूज आहे. ही सूज महत्त्वाची. जुना, बरा झालेला दबका आणि ताजा मोडलेला मणका एक्स-रेवर सारखेच दिसू शकतात. एमआरआयच्या एका विशिष्ट चित्रात ताजा मणका पांढरा चमकतो. आमचा चमकत होता.

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले, बहुतेकांचं हे दुखणं सहा-आठ आठवड्यांत आपोआप उतरतं, घाई नको. टेलर ब्रेस म्हणजे पाठीचा लांबलचक पट्टा २,२०० रुपयांना आला. नाकात मारायचा कॅल्सिटोनिनचा फवारा, ट्रामाडॉल हे वेदनाशामक, कॅल्शियम. ट्रामाडॉलने आईला असा बद्धकोष्ठ झाला की मणक्यापेक्षा त्याचंच दुखणं मोठं झालं. पहिल्या दिवसापासून इसबगोल सुरू करायला हवं होतं, ते कुणी सांगितलं नाही.

दोन आठवड्यांत काडीचा फरक पडला नाही. ती कमोडवर बसू शकेना. डायपर लावताना तिने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि मी मनात ठरवलं की आता वाट पाहणं पुरे.

८ फेब्रुवारीला एका छोट्या नर्सिंग होममध्ये दाखवलं. नाव देत नाही. "सिमेंट भरून टाकू, सोमवारीच करू, ६५ हजारांचं पॅकेज आहे." मी विचारलं, सिमेंट मागे नसांकडे गेलं तर? "तसं काही होत नाही हो, ताई." गेलंच तर इथे उघडून काढता येईल का? "मग मोठ्या हॉस्पिटलला हलवू." त्या माणसाचा हात कदाचित चांगलाही असेल, पण "तसं काही होत नाही" हे ऐकून मी फाइल उचलली.

कारण तोवर माझं वाचून झालं होतं. हे सिमेंट म्हणजे बांधकामाचं नव्हे, एक प्रकारचं अॅक्रिलिक. पूड आणि द्रव मिसळले की काही मिनिटांत गरम होत घट्ट होतं. १९८४ मध्ये फ्रान्समधल्या आमियां शहरात गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी एका बाईच्या मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी ते पहिल्यांदा सुईने भरलं. पुढे म्हातारपणी दबणाऱ्या मणक्यांसाठी जगभर वापरलं जाऊ लागलं. सगळ्यात मोठी भीती ते बाहेर झिरपण्याची. बहुतेक वेळा थोडंसं झिरपतं आणि काही होत नाही. पण मागे पाठीच्या कण्याच्या पोकळीत गेलं तर नस दाबली जाऊ शकते, आणि शिरेतून वाहत फुप्फुसापर्यंतही पोचू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्येच याबद्दल जाहीर सूचना काढली होती. त्याच सुमारास तिथल्या एका कंपनीने मणक्यासाठी परवानगी नसलेलं सिमेंट डॉक्टरांकडून वापरून घेतलं, तीन रुग्ण टेबलावरच गेले, आणि २०११ मध्ये कंपनीच्या चार अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. हे मी रात्री दीड वाजता वाचलं. शेजारच्या खोलीत आई कण्हत होती.

१५ फेब्रुवारीला दुसरं मत घेतलं, एका मोठ्या रुग्णालयातल्या स्पाइन सर्जनकडे. फी १,२००, अडीच तास बाहेर बसलो, आत मात्र त्यांनी ४० मिनिटं दिली. मी बँकेच्या जुन्या डायरीत प्रश्न लिहून नेले होते. ते बघून हसतील असं वाटलं होतं. त्यांनी डायरीच हातात घेतली आणि एकेक प्रश्न स्वतः वाचून उत्तर दिलं.

पहिला प्रश्न होता, याचा खरंच उपयोग होतो का? ते म्हणाले, यावर डॉक्टरांमध्येच दोन तट आहेत आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं. २००९ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी छापून आले. अर्ध्या रुग्णांना खरं सिमेंट, अर्ध्यांना नुसतं नाटक: भुलीची सुई, पाठीवर दाब, आणि खरं वाटावं म्हणून खोलीत सिमेंटचा वाससुद्धा सोडलेला. दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं. पण त्यांत वर्षभरापूर्वीपर्यंतचे जुने मणकेही होते. २०१६ मध्ये सिडनीतल्या १२० रुग्णांवर असाच अभ्यास झाला, त्यात सहा आठवड्यांच्या आतले, तीव्र दुखणारे मणके घेतले, तर फायदा दिसला. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासात पुन्हा दिसला नाही. "म्हणून मी सगळ्यांना करत नाही. ताजा मणका, एमआरआयवर सूज, बोट ठेवलं की नेमकं तिथेच दुखणं, औषधं-पट्टा देऊन झालेलं आणि तरी माणूस अंथरुणाला खिळलेला, असं असेल तर करतो. आजींचा आज चौतिसावा का पस्तिसावा दिवस?" मी बोटं मोजली. दणक्यानंतरचा तेहतिसावा.

मग आईला कुशीवर वळवून एकेका मणक्यावर अंगठा दाबत खाली आले. एल-वनला आईने शिवी हासडली. डॉक्टर म्हणाले, "पत्ता बरोबर आहे."

त्यांनी आणखी तीन गोष्टी मागितल्या, ज्यांचं नावही नर्सिंग होममध्ये निघालं नव्हतं. एक, सीटी स्कॅन: मणक्याची मागची भिंत शाबूत आहे का ते पाहायला, कारण ती फुटली असेल तर सिमेंटला मागची वाट मोकळी. दोन, रक्ताच्या तपासण्या: जंतुसंसर्ग नाही ना, आणि मायलोमा नावाचा हाडातल्या मज्जेचा कर्करोग नाही ना. आपल्याकडे मणका दबला की क्षयरोगाचा संशयही घ्यावाच लागतो, आणि संसर्ग असलेल्या मणक्यात सिमेंट भरणं म्हणजे आगीवर झाकण ठेवणं. तीन, रक्त पातळ करणारी गोळी. आईला २०१९ मध्ये स्टेंट बसवलेला आहे. क्लोपिडोग्रेल किती दिवस बंद ठेवायची हे त्यांनी स्वतः ठरवलं नाही, हृदयरोगतज्ज्ञांचं लेखी पत्र आणायला लावलं. उत्तर आलं की पाच दिवस बंद, अॅस्पिरिन चालू. प्रत्येकाचं वेगळं असतं, आमचं बघून स्वतःच्या गोळ्या बंद करू नका.

फुग्याबद्दलही विचारलं. आधी फुगा फुगवून मणक्यात पोकळी करतात, मग सिमेंट भरतात, त्याला कायफोप्लास्टी म्हणतात. पोकळीत कमी दाबाने भरता येतं, म्हणून झिरपणं कमी होतं असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. पण साहित्याचेच जवळपास लाखभर रुपये वाढणार होते. "आजींचा मणका फार बसलेला नाही. घट्ट सिमेंट, थोडंच, आणि हळूहळू. त्यात भागेल," असं ते म्हणाले. घट्ट म्हणजे किती? "टूथपेस्टसारखं. पातळ असताना घाई करून ढकललं की ते वाट शोधतं."

आणि चुकलंच तर? त्याच ओटीत उघडून नस मोकळी करायची तयारी असते, आयसीयू त्याच मजल्यावर. किती भरणार? "ठरवून सांगता येत नाही. मणका भरायचा म्हणून मी भरत नाही. दुखणं थांबायला थोडं पुरतं. पडद्यावर मागच्या चौथाईकडे सरकताना दिसलं की मी थांबतो, मग दोन मिली झालेलं असो की पाच."

आईने तोवर गप्प बसून सगळं ऐकलं होतं. तिने विचारलं, "डॉक्टर, मग त्यावर पाणी मारावं लागेल का?" आमचं वाईचं घर बाबांनी उभं केलं तेव्हा महिनाभर स्लॅबवर पाणी तिनेच मारलं होतं. डॉक्टर पोट धरून हसले. म्हणाले, "नाही आजी, हे तुमच्या कवळीचं भावंड आहे. तीही अशाच अॅक्रिलिकची." यानंतर आईची भीती निम्मी झाली, माझ्या ४० मिनिटांच्या प्रश्नांनी झाली नसती तेवढी.

आता कागदांचं. १८ तारखेला, मंगळवारी रुग्णालयातल्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या खिडकीवर, कॅशलेसचा अर्ज दिला. संध्याकाळी विमा कंपनीची शंका आली: "शस्त्रक्रियेविना उपचार का केले नाहीत?" केले होते, पण पट्ट्याचं बिल माझ्या पर्समध्ये आणि पहिल्या चिठ्ठ्या फ्रिजवर चुंबकाखाली. घरून नवऱ्याने फोटो पाठवले, डॉक्टरांनी तारखांसह अर्ध्या पानाचं पत्र दिलं, आणि १९ ला संध्याकाळी मंजुरी आली. पहिल्या दिवसापासूनच्या चिठ्ठ्या, पट्ट्याचं बिल, औषधांची बिलं तारखेवार एका फायलीत ठेवा. मणक्याच्या सिमेंटला ही शंका हमखास येते, असं डेस्कवरच्या मुलीनेच सांगितलं.

२० ला दाखल. टू-डी इको, फिजिशियनचा फिटनेस, भूलतज्ज्ञांची भेट. संमतीपत्र इंग्रजीत आलं. मराठी मागितलं तर "संपलंय" म्हणाले. मग निवासी डॉक्टर मुलीने पलंगाशेजारी बसून प्रत्येक ओळ आईला समजावली आणि धोके हाताने मराठीत खाली लिहिले: झिरपणं, नसेला इजा, फुप्फुसात जाणं, रक्तदाब घसरणं, जंतुसंसर्ग, शेजारचा मणका पुढे दबणं. आईने ते चष्मा लावून वाचलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली. मला वाटलं होतं घाबरेल. ती म्हणाली, "निदान सांगितलं तरी."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी ९.१५ ला आत नेलं. पूर्ण भूल दिली नाही. जागेवरची भूल आणि थोडं गुंगीचं औषध, कारण रुग्ण बोलता राहिला तर पायात कळ गेली किंवा मुंग्या आल्या की लगेच सांगू शकतो. आत काय झालं ते मला आईकडून आणि नंतर डॉक्टरांनी दाखवलेल्या चित्रांवरून कळलं. तिला पालथं झोपवलं, छाती-कंबरेखाली उशा. खोली बर्फासारखी थंड. थंडीत सिमेंट सावकाश घट्ट होतं, म्हणजे हाताशी वेळ जास्त राहतो. सी-आर्म, म्हणजे फिरतं एक्स-रे यंत्र, एकदा समोरून, एकदा बाजूने. दोन्ही बाजूंनी एकेक सुई. हाडाचा छोटा तुकडा तपासणीला काढून घेतला. मग कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "सिमेंट जातंय," आणि भूलतज्ज्ञांनी तितक्याच मोठ्याने रक्तदाब सांगितला. आईला हे लक्षात राहिलं, "आरती म्हणतात तसं, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने ओ द्यायची." वास नेलपॉलिशचा आला म्हणाली. दर थोड्या वेळाने "आजी, पाय हलवा" चालू होतं.

मी बाहेर रामरक्षा तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा मध्येच विसरले. १०.२० ला डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीवर. म्हणाले, "तीन मिली भरलं. डावीकडे नीट गेलं. उजवीकडे भरताना पुढच्या बाजूला एका शिरेत दोऱ्यासारखं सरकताना दिसलं. थांबलो, मिनिटभर वाट पाहिली, परत बघितलं, आणि पुढे भरलंच नाही. पाय दोन्ही उत्तम हलतायत. छातीचा एक्स-रे आणि सीटी करून घेतो."

माझे पाय लटपटले. ज्याची भीती होती तेच झालं होतं, जरासंच का होईना. पण डोकं शांत झाल्यावर कळलं, हे त्यांनी मला सांगितलं नसतं तर कधीच कळलं नसतं. मणका "पूर्ण भरलेला" दिसावा म्हणून त्यांनी हट्टही केला नव्हता. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. सीटीत मणक्याच्या पुढे केसाएवढी पांढरी रेघ, मागची पोकळी मोकळी. ऑक्सिजन ९६. डिस्चार्जच्या कागदावर "किंचित गळती, लक्षणं नाहीत" असं स्पष्ट लिहून दिलं. दोन तास उताणं पडून राहायला सांगितलं. सिमेंटची बरीचशी ताकद पहिल्या तासाभरात येते.

संध्याकाळी पाचला नर्सने तिला कडेला बसवलं. मी सवयीने दंड पुढे केला. तिने धरला नाही. दुखणं दहापैकी किती, असं विचारलं तर "तीन. आणि सुया टोचल्या त्याचंच आहे ते," म्हणाली. चमत्कार म्हणणार नाही. तो नाटकाच्या सुईवाला अभ्यास डोक्यात आहेच. ती आपली आपण संडासला गेली, एवढं मला पुरलं.

फायलीत सिमेंटच्या खोक्यावरचं स्टिकर चिकटवलेलं असतं: कंपनी, लॉट नंबर, मुदत. त्याचा फोटो आवर्जून घ्या. हे कशासाठी, तर वैद्यकीय उपकरणांमुळे काही बिघडलं तर नोंदवण्यासाठी भारतात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाकडे. रुग्णालयंही कळवतात, रुग्णही कळवू शकतात, पण लॉट नंबर हवा. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. वॉर्डातल्या सिस्टरना मी स्टिकर दाखवा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा कुणी मागितलं."

२२ ला सुट्टी. विमा कंपनीने अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा नियम आहे. सकाळी दहाला "आज घरी" म्हणाले आणि आम्ही साडेचारला निघालो. कंपनीला मी शिव्या देत बसले होते, मग कळलं की रुग्णालयाने बिलच सव्वा वाजता पाठवलं. बिल १,२८,६५०. हातमोजे, चादर वगैरे "नॉन-मेडिकल" म्हणून ७,१५० कापले. उरलेल्यावर २० टक्के को-पे, म्हणजे आपण भरायचा वाटा, २४,३००. आमच्या खिशातून ३१,४५०, कंपनीकडून ९७,२००. आधीचे एमआरआय, सीटी, पट्टा नंतर अर्ज करून एप्रिलमध्ये मिळाले, तेही को-पे वजा करून.

यानंतरचा भाग सगळ्यात दुर्लक्षित. सिमेंटने एक मणका सावरला, बाकीची हाडं होती तशीच पोकळ. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत नितंबाचा टी-स्कोअर उणे ३.१ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. ड जीवनसत्त्व ११, म्हणजे फारच कमी. वाईला आयुष्यभर अंगणात उन्हात वावरलेल्या बाईचं ११! हाडाच्या तुकड्याचा रिपोर्ट १ मार्चला आला, कर्करोग नाही, क्षय नाही. तो हातात आल्यावरच टेरिपॅराटाइड हे हाड वाढवणारं औषध सुरू केलं: रोज एक छोटं इंजेक्शन, पेनसारखं, जास्तीत जास्त दोन वर्षं. महिन्याला आम्हाला साधारण साडेचार हजार पडतात. ते संपल्यावर दुसरं औषध लगेच लावावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड परत जातं. पहिला आठवडा मी टोचलं. आठव्या दिवशी सकाळी उठून आले तर आईने स्वतःच पोटाला टोचून घेतलं होतं आणि चहा टाकला होता.

पेन फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नको. उघडल्यापासून २८ दिवसांनी औषध उरलं असलं तरी टाकून द्यायचं. आई टाकू देत नाही, त्यावरून दर महिन्याला आमचं वाजतं.

मेमध्ये ती वाईला परत गेली. मी गाडी करून देणार होते. तिने ऐकलं नाही. स्वारगेटला मी आधी चढले आणि ड्रायव्हरच्या मागची दुसरी खिडकी धरून ठेवली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, मागे रिकामं आहे की सगळं." आई म्हणाली, "असू दे. माझ्यात सिमेंट आहे," आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.